दगडाखालचा पत्रा

विश्वनाथ शितोळे हे नाव गल्लीत कुणाला ठाऊक नाही. मराठा अंकल म्हटलं की कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा वर बोट करतो, तिसरा मजला. गडी मूळचा खानापूर तालुक्यातला. नीट मिसरूडही फुटलेलं नव्हतं तेव्हा चुलत्याच्या मागं दिल्लीला आला आणि गलाईच्या भट्टीपुढं बसला. सराफांकडचं मोडीचं सोनं-चांदी गाळायचं, हिणकस वेगळं काढायचं आणि चोख माल परत द्यायचा, असा हा धंदा. त्या भागातली निम्मी माणसं याच धंद्यापायी मुलूखभर पांगली आहेत. विश्वनाथनं त्यात आयुष्य घातलं, हिंदूरावच्या टेकडीखाली एका अरुंद गल्लीत घर घेतलं, पोरगा अनिश शिकून गुडगावच्या एका ऑफिसात चिकटला आणि तिकडंच राहू लागला, मग भट्टी पुतण्याच्या हवाली करून हा घरी बसला.

घर म्हणजे तिसरा मजला आणि वरची गच्ची. जिना असा की समोरनं माणूस आला तर एकानं पोट आत घ्यायचं. लिफ्ट नाही.

गावाकडची मंडळी दरसाल संक्रांतीला पानिपतला काला अंब, म्हणजे लढाईचं स्मारक, बघायला यायची आणि हक्कानं याच्याकडं उतरायची. दोन खोल्यांत एवढी माणसं मावायची कशी, म्हणून त्यानं गच्चीवर पत्र्याची शेड ठोकली. ठेकेदारानं पाइप उभे केले, पत्रे टाकले आणि हूक अडकवून नट आवळले. ते बोटाएवढे नट बघून विश्वनाथला हसू आलं. टेकडीवर रस्त्याचं खोदकाम चाललं होतं. तिथनं त्यानं रिक्षात घालून डोक्याएवढे दगड आणले. शालिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते खालनं हातात दिले आणि यानं शिडीवर उभं राहून पत्र्यावर ओळीनं मांडले. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या माहेरच्या सपरावर, याच्या गोठ्यावर, गावच्या शाळेवर, जिथं पत्रा तिथं दगड. बिनदगडाचा पत्रा त्यांच्या डोळ्यांना निरी न खोचलेल्या धोतरासारखा दिसायचा.

तळमजल्यावरचा खुराना शिवणकामाच्या मशीनवरनं मान वर करून म्हणाला होता, "मराठा अंकल, छत पर लड़ाई की तैयारी है क्या?"

विश्वनाथ म्हणाला, पानिपतला गेलो तेव्हा तयारी कमी पडली होती, या वेळी कसर नको. दोघंही हसले.

मग ती वैशाखातली दुपार आली. शालिनीनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दिल्लीच्या उन्हाला ती एरवी लाखोली वाहायची, पण कुरडयांच्या बाबतीत तिचं म्हणणं वेगळं होतं. गावाकडं ज्याला तीन उन्हं लागतात ते इथं एका उन्हात कडकडीत होतं, असं ती फोनवर बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगायची.

सब्जी मंडीच्या अंगानं आभाळ मातकट झालं. विश्वनाथ गच्चीच्या दारात उभा होता. वावटळ त्याला नवी नव्हती. उन्हाळ्यात माळावर रोज एखादी उठायची. पोरं तिच्यावर थुंकायची, पायताण भिरकावायची, आणि ती पाचोळा घेऊन बांधापलीकडं जायची. ही तसली नव्हती. हिचा खांब बुडाशी बारीक आणि वर रुंद होता, आणि त्यात पोती, फांद्या आणि कुठल्याशा दुकानाची पाटी गरगर फिरत होती. शालिनी गच्चीच्या पलीकडच्या टोकाला बसून जुन्या लुगड्यावरच्या कुरडया गोळा करत होती. दारापर्यंत यायला तिला सगळी उघडी गच्ची ओलांडावी लागली असती. शेड दोन पावलांवर होती.

"शेडखाली हो," विश्वनाथ ओरडला. "दगडाखालचा पत्रा हालत न्हाई."

एरवी ती एका सांगण्यात ऐकणारी बाई नव्हे. त्या दिवशी ऐकलं. ओटीत कुरडया धरून शेडखाली जाऊन बसली.

वाऱ्यानं पत्रा खालनं उचलला. माळावरचा वारा आडवा येतो, त्याला दगडाचं ओझं पुरतं. हा वारा फिरत आला आणि त्यानं पत्र्याची कड पोळीसारखी उलटली. पत्रा कुठंतरी गेला. दगड वाऱ्यानं नेले नाहीत, ते तिथंच खाली आले. एक शालिनीच्या पाठीवर आला.

गच्चीचं दार चौकटीतनं निखळलं होतं. त्याच दारावर घालून गल्लीतल्या माणसांनी तिला जिन्यानं उतरवलं आणि टेकडीवरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, आडपडदा न ठेवता बोलला. जीव वाचेल, कंबरेखालचं सांगता येत नाही. पुढं तेही सांगता आलं. अनिश व्हरांड्यात रडला. विश्वनाथ त्याच्या शेजारी बसून स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. तापलेली मूस चिमट्यात धरताना हात तसूभर हलला तर माल सांडतो. त्याचा हात कधी हलला नव्हता.

टीव्हीवर शहाणी माणसं पुढं बरेच दिवस भांडली, ही आंधी होती की बवंडर, नुसतं वादळ की फिरता वारा. शालिनी पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, "नाव ठेवल्यावर पाय येणार हायत व्हय?" आणि टीव्ही बंद करायला लावला.

तिला वर घरी आणलं त्याला आता वरीस उलटून गेलं. विश्वनाथ तिला कुशीवर वळवतो, पुसून घेतो, भाकरी भाजतो. भाकरी जाड होते, तसं ती सांगतेही. पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावतो. भंगारवाला उरलेसुरले पत्रे घेऊन गेला, दगड मात्र नको म्हणाला. ते कठड्याशी पडून आहेत. खाली न्यायला याच्या अंगात बळ नाही आणि वरनं टाकावेत तर खाली माणसं.

शालिनीनं त्याला कधी बोल लावला नाही. फक्त कुणी भेटायला आलं की सांगते, "ह्यांनीच सांगितलं, शेडखाली हो म्हणून." आमटीत मीठ कमी पडलं हे सांगावं, त्या आवाजात. आलेला माणूस विश्वनाथकडं बघतो. विश्वनाथ मान हलवतो, म्हणजे होय, मीच.

तिचं मागणं एकच होतं. पुन्हा उन्हाळा लागला आणि पहिल्यांदा खिडकी वाजली, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं. पाय गेल्यापासनं तिच्या हातात पकडीची ताकद आली आहे.

"मला दुसरं काय बी नको. वारं यायच्या आदी मला भुईला टेकवा. एवढं करा."

त्यानं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

अनिशनं आपल्या परीनं मार्ग काढला. नोएडाला त्यानं सतराव्या मजल्यावर फ्लॅट बघितला. "आई, लिफ्ट आहे, पॉवर बॅकअप आहे, बिल्कुल टेन्शन नाही. व्हीलचेअर डायरेक्ट खाली." शालिनीनं विचारलं की वारं सुटल्यावर लिफ्ट चालू ठेवतात का. अनिशनं बिल्डरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, सेफ्टीसाठी बंद करतात. विषय तिथंच संपला. गावाकडं न्यावं तर घराला उंबरा एकच आणि भुई सगळीकडं, पण जखम चिघळली तर डॉक्टर तालुक्याला, आणि तिथल्या रस्त्यानं तिला जीपमध्ये हेलपाटत न्यायचं. तेही सगळ्यांनी मनातल्या मनात तोलून ठेवून दिलं.

मग विश्वनाथनं खुर्ची बांधली. शेडचे दोन पाइप वाचले होते. ते प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन्ही अंगांनी सुतळीनं आवळले, की झाली डोली. उचलायला खुराना, त्याचा धाकटा भाऊ, पानवाला आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. खुरानानं स्वतःहून सांगून ठेवलं होतं, आधी आवाज द्या.

पहिल्यांदा फोनवर वादळाचा इशारा आला तेव्हा आभाळ निवळशंख होतं. तरी विश्वनाथनं आवाज दिला. चौघांनी तिला वळणावळणाला आडवी-तिडवी करत खाली आणलं आणि खुरानाच्या दुकानात मशीनशेजारी ठेवलं. चहा झाला. वारा आला नाही. दिवेलागणीला तिला परत वर नेलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. इस्त्रीवाल्याचे कोळसे विझले होते, गिऱ्हाइकाचे कपडे राहिले होते. तो वरच्या पायरीवर पोचल्यावर कंबर धरून जरा जास्त वेळ उभा राहिला. पानवाला हसून म्हणाला, "अंकलजी, मौसम वाले भी आपसे डरने लगे हैं." बोलण्यात काही वाकडं नव्हतं. विश्वनाथला मात्र ते वाकडं लागलं. आयुष्यभर दुसऱ्याचं सोनं सांभाळलं पण कुणाला हात पसरून काही मागितलं नाही, अशी त्याची मिजास होती, आणि आता महिन्यात दोनदा चार माणसांची दुपार मागावी लागत होती.

तिसऱ्यांदा इशारा आला तेव्हा त्यानं फोन पालथा घातला.

शालिनीनं विचारलं, "काय आलंय?"

"अनिशचा मेसेज."

तासाभरानं आभाळ सब्जी मंडीच्या अंगानं मातकट झालं. तो खिडकीशी गेला, जिन्यापर्यंत गेला, एक मजला उतरला आणि खाली हाक मारली. पण तोवर गल्लीतली सगळी शटरं खडाखडा खाली येत होती आणि त्या गलक्यात त्याची हाक कुणाला ऐकू गेली नाही. तो परत वर पळाला. तिच्या काखेत हात घालून त्यानं तिला पलंगावरनं ओढलं. तिची टाच फरशीवर आपटली, तिला कळलं नाही, त्याला कळलं. बिनखिडकीच्या न्हाणीच्या दारापर्यंत नेता आलं, पुढं त्याची कंबर धरली. तिथंच दोघं बसले, तो भिंतीला टेकून, ती त्याला टेकून. खिडकीची एक काच गेली. वर काहीतरी घसरत, घासत गेलं.

"दगड ठेवलेत का वर?" तिनं विचारलं.

"पत्राच न्हाई आता. दगड कशावर ठेवू?"

"मग वाजतंय काय?"

"दुसऱ्याचं कुणाचं तरी."

तिनं डोळे मिटले. तो तिच्या डोक्यावर हात आडवा धरून बसला. एवढ्याशा हातानं काय अडणार, हे त्यालाही कळत होतं. काढायला मात्र धीर झाला नाही.

वारा आला तसा गेला. या खेपेला फिरला नाही, नुसता वाहिला. शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गेली, टेकडीवरची दोनचार झाडं पडली, बाकी काही नाही. जिन्यात पाय वाजले. चौघंही धापा टाकत वर आले, इस्त्रीवाल्याच्या हातात अजून ओलं फडकं होतं. तिला तशी फरशीवर बसलेली बघून खुराना दारातच थांबला.

"अंकलजी, आवाज क्यों नहीं दी?"

विश्वनाथ शालिनीचं लुगडं पायांवर सारखं करत राहिला.

शालिनी म्हणाली, "आता न्या म्हणावं मला खाली."

वारा गेल्यावर कशाला, असं कुणी विचारलं नाही. चौघांनी डोली उचलली. खुरानाचं दुकान अंधारात होतं, वीज गेली होती, म्हणून तिला बाहेर गल्लीतच ठेवलं. लिंबाचा पाला सगळीकडं सांडला होता. खाली आणताना तिच्या पायांत अडकवलेल्या चपला तिनं विश्वनाथला काढायला सांगितल्या. त्यानं वाकून तिचे पाय टाकीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या भुईवर सरळ ठेवले. ती पायांकडं बघत राहिली. पायांना काही लागत नसणार, पण डोळ्यांना लागत होतं.

बराच वेळ गेला. पानवाल्यानं दुकान उघडलं, परत बंद केलं. आभाळ स्वच्छ झालं आणि उकाडा आला. चौघं जिन्याच्या पायरीपाशी ताटकळत उभे होते. शेवटी खुरानानं पाइपाला हात लावला, तशी शालिनीनं विश्वनाथचं मनगट धरलं.

"मी आता वर येत न्हाई," ती म्हणाली. "हितंच कुठं बी ठेवा. दुकानात ठेवा, जिन्याखाली ठेवा. वर न्हाई."

दुकानात दोन मशिनी आणि खुरानाची झोपायची खाट. जिन्याखाली विजेचे मीटर आणि दोन स्कूटर.

"क्या कह रही हैं भाभीजी?" खुरानानं विचारलं.

विश्वनाथनं उभं आयुष्य सराफांचं हिंदी मराठीत आणि कारागिरांचं मराठी हिंदीत करण्यात काढलं होतं. त्याला शब्द सुचले नाहीत असं नव्हे.

"कह रही हैं," तो म्हणाला, "थोड़ी देर और."

खुरानानं हात काढला. चौघं पायरीवर बसले. शालिनीला तेवढं हिंदी समजत होतं. तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.