लांब दांड्याचं वगराळं

वत्सलाबाई कुणाच्याही ओसरीवर टेकल्या की आधी पाणी मागायच्या. तहान नसली तरी. पाणी काढणाऱ्याच्या हाताकडे त्यांची नजर असे. तांब्यासोबत बोटं रांजणात बुडाली, की त्या पेला तसाच खाली ठेवत. "बोटं बुडाली. हे पाणी मला चालत नाय."

कन्नडजवळच्या आमच्या गावात त्या आरोग्य खात्याच्या आशाताई होत्या. घर बौद्धवाड्यात. आम्ही पाटील. त्यांच्या आजीला आमच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं, आणि नात आमच्याच ओसरीवर बसून आमचं पाणी नाकारत होती. माझं पित्त खवळलं.

दुसऱ्याच दिवशी शहरात जाऊन शहागंजच्या बाजारातून हातभर दांड्याचं वगराळं आणलं. हिला आता पेला द्यायचाच नाही, वरून ओंजळीत ओतायचं, एवढाच माझा हेतू.

त्या आल्या. मी वगराळं उंच धरलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून स्वतःचा पेला काढला. "ओता, आण्णा. लई बेस केलं." घटाघटा प्याल्या आणि घरोघर सांगत सुटल्या, "आण्णांच्या घरी जाऊन बघा, बोट बुडत नाय पाण्यात. पाटील करतेत, तुम्हाला काय धाड भरली?"

आठवडी बाजारातली वगराळी संपली. दर पावसाळ्यात जुलाबानं सलाईनला लागणारी लेकरं त्या साली अंगणात खेळत होती. ग्रामपंचायतीनं सत्कार केला, तो माझा. मी शाल घेतली. वत्सलाबाई शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर त्यांना गाठलं. "मी ते कशासाठी आणलं, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"न कळायला मी काय कुक्कुलं बाळ हाय? तुमच्या इटाळाला अन् माझ्या कामाला दांडा एकच लागत व्हता. मी माझं काम काढून घेतलं." मग हसू आवरून म्हणाल्या, "इटाळ मात्र तुमच्याकडंच राहिलाय. त्यो तुम्ही निस्तरा."

मी निस्तरला नाही. शाल कपाटात ठेवली आणि वर्षानुवर्षं गप्प बसलो.

गेल्या महिन्यात त्या वारल्या. विहारातल्या शोकसभेत सरपंच म्हणाले, "आण्णांनी दाखवलेल्या वाटेनं ताई चालल्या." मी उठलो. मुलगा सदरा ओढत होता, "आण्णा, कशाला उकरता? बसा खाली." बसलो नाही. वर लिहिलंय ते सगळं बोललो. भावकीनं माना फिरवल्या. फिरवू देत.

घसा कोरडा पडला होता. त्यांच्या मुलीला म्हणालो, "पोरी, पाणी दे."

तिनं वगराळ्यानं पेला भरला. पुढं करता करता माझ्या हातांकडं पाहून थांबली.

"आधी हात धुवा, आण्णा."

विहाराच्या पायरीवर बसून मी हात धुतले.