दाराजवळची पेटी

घरातून निघताना ‘येते’ म्हणायची सवय सुटत नाही. हे गेल्यावर ऐकणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी दाराजवळच्या अलार्मच्या पेटीलाच म्हणू लागले. माझा चार आकडी नंबर दाबला की ती बारीकसं पीं करायची. मला वाटायचं, हुंकार देते.

परवा पेटीची बॅटरी बदलायला आलेला माणूस सहज म्हणाला, “काकू, दार उघडलं, लावलं की ही दरवेळी कंट्रोल रूमला आकडे पाठवते. कुठलं घर, कुणाचा नंबर, आत की बाहेर. तुमच्या मुलाला रोज त्याची यादी जाते. त्यांनीच मागून घेतलीय.”

मी खुर्चीत बसले. मंगळवारी फोनवर मी नितीनला म्हटलं होतं, “गुडघे धरलेत, दिवसभर घरीच होते.” खरं तर या वयात मी पोहायला शिकतेय. पाण्यावर नीट तरंगता आलं की मगच त्याला सांगणार होते. माझं खोटं त्याच्यासमोर यादीत होतं, आणि तो नुसतं “काळजी घे, आई” म्हणाला.

पेटीवर काय रागवायचं? तिला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही. त्याला येतं. ‘कुठे गेली होतीस?’ एवढंच तर विचारायचं होतं.

आज पिशवीत टॉवेल भरला, नंबर दाबला आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराशी ‘जाते’ म्हटलं. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. पेटीने नेहमीसारखंच पीं केलं, आणि नेहमीचेच आकडे पाठवले.