बाप जिवंत असताना

श्रीगोंद्याच्या स्टँडवर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "नाटक-शिनिमा काय बी कर, पर आईच्या जीवाला घोर लावू नगं." दुष्काळ होता. दादा तलावाच्या कामावर खडी फोडत होते आणि मी तोंडाला रंग लावायला मुंबईला निघालो होतो. लाज वाटत होती. निघायची घाईही तितकीच होती.

सहा महिने मी सेटवर खुर्च्या उचलल्या. मग एका सिनेमात काम मिळालं, बापाला अग्नी देणाऱ्या मुलाचं. डोक्यावरचे केस आणि मिशी खरोखर उतरवावी लागेल, असं दिग्दर्शक म्हणाला. मी लगेच मान पुढे केली. शूटिंग संपताच गावची गाडी पकडली. अंगात इतकं वारं शिरलं होतं की डोक्यावर टोपी घालायचंही सुचलं नाही.

स्टँडवर माणसं मला बघून गप्प झाली. पानवाल्यानं हात जोडले. मला वाटलं, नट झालो म्हणून मान देतायत. महामूर्ख! गावातला एक सायकलवाला माझ्याआधी बातमी घेऊन घरी गेला आणि मी पोचेपर्यंत घरात रडारड सुरू झाली होती. दादा आठवडाभर कामावरच मुक्कामाला होते. ते तिकडे गेले आणि पोरगा मुंडन करून आला, असंच सगळ्यांनी धरलं होतं. आईनं बांगड्या फोडायला हात भिंतीवर उगारला होता. मी तो धरला, सिनेमाचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांला माज्याम्होरं आन. तवर मला खरं वाटायचं न्हाई."

त्या सायकलवाल्याचीच सायकल घेऊन मी तलावाकडे सुटलो. वाटेत माझाच धीर सुटला. तिकडे खरंच काही झालं असेल तर?

दादा खडीच्या ढिगाशी बसले होते. मला बघितलं आणि हातोडा हातातून गळून पडला. "आई गेली?" एवढंच बोलले. आईसाठीही मुलगा मुंडन करतो, हे मी विसरलोच होतो.

सगळं सांगितल्यावर ते मारतील असं वाटलं. त्यांनी आपला पटका सोडला, माझ्या डोक्याला गुंडाळला आणि उघड्या डोक्यानं सायकलवर मागे बसले. "चल बिगी बिगी. तिला दिसू दे मला."

त्यानंतर पडद्यावर मी किती बाप झालो, मालिकांतून किती वेळा मेलो, मोजलं नाही. पण मुंडनाची कामं घेतली नाहीत. त्यापायी दोन मोठ्या भूमिका गेल्या. मित्र हसले.

दादा गेले, आई गेली. गेल्या वर्षी पुन्हा एकानं तसंच काम विचारलं. आता जीवाला घोर लागेल असं कुणी उरलं नव्हतं, तरी नाही म्हणालो. मुंडन केलेल्या डोक्यानं मी गावात उतरेन आणि कुणाच्याही हातातून काही गळून पडणार नाही, हे मला बघायचं नाही.