दुसऱ्या भागातला म्हातारा

आमची सूनबाई कोरमंगलातल्या एका कंपनीत व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहिते. म्हणजे कोणी कुठे पळायचं, कोणाला का मारायचं आणि मारताना काय बोलायचं, हे ठरवायचा तिला पगार मिळतो. गेम बाजारात येण्याआधी ती मला घरी खेळायला देते. माझा जन्म सरकारी कारखान्यात मशिनं तपासण्यात गेला, त्यामुळे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची सवय अंगात मुरली आहे.

तिच्या गेमच्या पहिल्या भागातला एक म्हातारा मला फार आवडला होता. बंदरावरचा होड्यांचा मिस्त्री. हिरो होडी मागायला आला की हा आधी त्याला बॅटरी धरायला लावायचा, बॅटरी जरा हलली की खेकसायचा आणि वर पत्त्यांत उघड उघड लबाडी करायचा. बोलायचा इंग्रजीत, पण मला मराठीच ऐकू यायचं.

परवा दुसरा भाग घरी आला. मी सोफ्यावर ऐसपैस बसलो आणि मिस्त्रीला शोधत थेट बंदर गाठलं. तर हा मफलर गुंडाळून खुर्चीत बसलेला! हातात पाना नाही. हिरो जवळून गेला की म्हणतो, "जेवलास का, बाळा?" परत गेला की म्हणतो, "जपून जा हो." मी हिरोला मुद्दाम येरझाऱ्या घालायला लावल्या. तीच दोन वाक्यं. मागे शत्रू लागलेत, बंदर पेटलंय, आणि हा जेवणाची चौकशी करतोय.

माझं डोकंच सणकलं. संध्याकाळी सूनबाई घरात पाऊल टाकते न टाकते तोच मी सुरू झालो.

"अगं, हा माणूस आहे की पायपुसणं? पहिल्या भागात किती खमक्या होता! मधल्या काळात त्याला झालं काय? कोणी लिहिलंय हे?"

"मीच, बाबा," ती खांद्यावरची बॅग उतरवत म्हणाली. "रिअल वाटावा म्हणून खूप ट्राय केलं मी."

"असा म्हातारा पाहिलास कुठे तू?"

तिने बॅग खुर्चीवर ठेवली. आणि हळूच म्हणाली, "बाबा, तो पहिल्यापासून तुमच्यावरूनच घेतलाय."

पहिला भाग ती लिहीत होती तेव्हा मी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये एकटा राहायचो. लग्नानंतर ती पहिल्यांदा तिथे आली, तेव्हा मी स्कूटर उघडून बसलो होतो आणि तिलाच बॅटरी धरायला लावली होती. रमीतल्या लबाडीबद्दल मी काही बोलणार नाही. पुढे माझी अँजिओप्लास्टी झाली आणि मुलाने मला सर्जापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्ये आणलं. तेव्हापासून दोघं सकाळी निघाली की मी सोफ्यावरून म्हणतो, जपून जा. परत आली की विचारतो, जेवलात का. मला आधी रागच आला, आणि मग फार वाईट वाटलं. पोरीने खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट चढवले.

"बाबा, कुठे?"

"बसवनगुडीला. आमचा रमीचा अड्डा अजून चालू आहे. डॉक्टर फिरा म्हणतात, तुम्ही दोघं फिरू देत नाही."

"थांबा ना, मी कॅब बुक करते."

"बसनेच जाणार. कंडक्टरशी भांडायची वेळ आली, तर माझं कन्नड तुझ्यापेक्षा बरं आहे."

तिने गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली माझ्या पिशवीत कोंबली आणि लिफ्टपर्यंत मागे मागे आली.

"बाबा, जपून जा हं. आणि तिकडे वेळेवर जेवून घ्या."

मी लिफ्टचं दार हाताने अडवलं.

"ही दोन्ही वाक्यं माझी होती," मी म्हणालो. "आता तुलाच राहू देत. मिस्त्रीच्या हातात पाना दे."