वीस नखांचं पिल्लू

"वाघ कुत्राले ली गया," आबा फोनवर म्हणाले.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी विचारलं, "मंग?"

"मंग काय? साखळी शे. कुत्रा नही."

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते मळ्यातच राहतात, शहाद्यापासून तापीच्या अंगाला. सोबतीला एक म्हैस आणि हे कुत्रं होतं. चहूकडे ऊस आणि केळी. मी शहाद्याच्या कॉलनीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो आणि ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवलं नाही तर मी आभारी राहीन.

आबांनी पुढे जे सांगितलं ते असं: "शेजारना ऊस तोडाले येवाना पहिले कुत्रा भेटना, ते मी आठेच ऱ्हासू. नही भेटना, ते म्हैस इकी टाकसू नि तुन्हाकडे इसू."

म्हणजे ऊसतोडीआधी कुत्रं मिळालं तर ते मळ्यातच राहणार, नाही तर म्हैस विकून माझ्याकडे येणार. ऊस उभा आहे तोवर वाघ उसात. ऊस तुटला की तो बाहेर, आणि पहिलं घर आमचं. हिशोब सरळ होता.

बाप घरी राहायला येणार म्हटल्यावर मुलाला आनंद व्हायला हवा. मला धडकी भरली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आबा आमच्याकडे राहिले होते, तेव्हाचं आठवत होतं. सोफ्याच्या कडेवर असे बसायचे की मुलगी बघायला आलेत आणि चहाची वाट बघतायत. संडासला जायच्या आधी माझ्या बायकोला विचारायचे, "जाऊ का?" मळ्यात हाच माणूस तहसीलदाराला बांधावर उभा ठेवून शेतातून आरडाओरडा करायचा. त्या आठवडाभरात ते आक्रसून आमच्या बेसिनएवढे झाले होते. त्यामुळे कुत्रं शोधायचं होतं ते आबांच्या राखणीसाठी नव्हे. आबा आबा राहावेत यासाठी.

एक कुत्रं, त्यात काय! बसस्टँडवर वडापाव घेऊन उभं राहिलं की चार जमा होतात, असा माझा अनुभव. पण बाहेर पडलो आणि कळलं की त्या हंगामात वाघाने सगळ्याच मळ्यांची कुत्री नेली होती. ज्याला त्याला पिल्लू हवं होतं. एरवी पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतात ती पिल्लं आता डोळे उघडायच्या आत नावावर लागत होती. आणि आमच्या भागात कुत्रं विकत घेत नाहीत. पैसे देऊन आणलेलं कुत्रं राखण करत नाही, असं मानतात. रीत वेगळी आहे. कुत्री व्याली की आळीतल्या पोरी घरोघरी पीठ, गूळ, तेल मागतात आणि शिरा करून तिला घालतात. बाळंतिणीला घालावा तसा. ज्या घराने तिचं बाळंतपण केलं, त्याचा पिल्लांवर पहिला हक्क. पण मागणी अशी वाढली की लोक आता गाभण कुत्रीलाच शिरा घालू लागले. एका गावात मी एक कुत्री बघितली, तिच्यापुढे तीन घरची ताटं होती. तिन्ही घरचे कारभारी शेजारी उभे राहून एकमेकांच्या ताटाकडे बघत होते. मी चौथा उभा राहिलो. तिघांनी मिळून माझ्याकडे असं बघितलं की मी मोटारसायकल न वळवताच मागे मागे घेत निघालो.

मग मला साक्षात्कार झाला. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, पाण्याच्या टाकीखाली, एक तांबडी कुत्री बसायची. पोट चांगलं गोल. डाव्या कानाचं टोक नव्हतं. करवतीने कापावं तसं सरळ गेलेलं. कधीतरी वाघाशी झुंजली असणार! असल्या आईची पिल्लं कशी निघतील, या विचाराने मला तिथेच उभ्या उभ्या आनंद झाला. आणि गंमत म्हणजे तिच्यापुढे एकही ताट नव्हतं. सगळं शहादं आंधळं, मी एकटा डोळस.

रोज सकाळी शिरा. करणारी अर्थात बायको. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने झारा कढईवर आपटला. "मन्हा बाळंतपणमा इतला शिरा कोनी नही करा."

"अगं, गाभण आहे ती."

"मी बी व्हतू. देखं व्हतं का तुम्ही?"

पण तिचंही मन लागलं होतं. आबा आले तर आपल्याला जमेल की नाही, याची काळजी तिलाही होती. फक्त ती ते तुपाच्या हिशोबात बोलायची.

आबांना मी रोज फोनवर बातमी द्यायचो. ते विचारायचे, "पोट उतरनं का?" मी म्हणायचो, आज जरा उतरलंय. "आंचळ भरनात का?" भरल्यासारखे वाटतात. मग ते हळूच म्हणायचे, "वीस नखंवालाच निवड बरं का." कुत्र्याच्या मागच्या पायाला जास्तीचं एकेक नख असलं की एकूण वीस भरतात, आणि ते कुत्रं वाघाला भीत नाही, असा आमच्याकडे समज आहे. ते जास्तीचं नख नुसतं कातड्याला लोंबतं आणि कशाच्याही उपयोगाचं नसतं, हे मी वर्गात शिकवतो. तरी मी म्हणालो, "वीसच निवडतो, आबा." त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. त्यांनी पिल्लासाठी गोठ्यात आडोसाही करायला घेतला.

आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर आहेत. त्यांच्या सासऱ्यांचंही कुत्रं वाघाने नेलेलं. त्यांना मी मोठ्या विश्वासाने तांबडी दाखवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शिऱ्याच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छान आहे हो सर. चालू ठेवा."

मी महिनाभर चालू ठेवलं. कुत्री वाढतच गेली. वाढून वाढून तिला उठवेना. पिल्लं काही होईनात. एक दिवस स्टाफरूममध्ये इतिहासवाले सर पेढे वाटत आले. त्यांना पुरुषोत्तमनगरला, कारखान्याच्या वसाहतीत, पिल्लू मिळालं होतं. पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता त्यांना हसू आवरेना.

"सर, रागवू नका. तुमच्या त्या तांबडीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलंय."

"कशावरून?"

"कान कापलाय ना! ऑपरेशन झालं की खूण म्हणून कापतात. पुन्हा तीच धरून नेऊ नये म्हणून."

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्हीही पुरुषोत्तमनगरला आला असतात की!"

स्टाफरूम हसून हसून लोळली. इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, पण जीवशास्त्र कोणाचा विषय?" मी पेढा खाल्ला. चांगला होता.

हसण्याचा बहर ओसरल्यावर मला आबांचा आडोसा आठवला. ऊसतोडीच्या गाड्या तोवर रस्त्याला लागल्या होत्या. शेजारच्या शेताच्या अलीकडे दोनच शेतं उरली होती. त्या रात्री मी आबांना फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

दुसऱ्या दिवशी इतिहासवाले सर आपणहून माझ्याकडे आले. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं. अक्कलकुव्याच्या वर डोंगरात एका पाड्यावर त्यांच्या ओळखीचं घर आहे, तिथली कुत्री व्यालीय, म्हणाले. आजच्या आज जा. मी रजा टाकली आणि निघालो. अक्कलकुव्यापर्यंत हायवेच्या ट्रकांमधून वाट काढत आणि पुढे मोटारसायकल ढकलत, दुपारी पाड्यावर पोहोचलो.

घरातल्या बाईंनी मला पाणी दिलं. पिल्लं बहुतेक गेली होती, त्यांच्याच नातेवाइकांकडे. शेळ्या राखायला त्यांनाही लागतातच. एक उरलं होतं. काळं, कपाळावर पांढरं, माझ्या बोटाला दात लावून बघणारं. बाई म्हणाल्या, "ने मास्तर. शेवटचं आहे."

शहाण्या माणसाने ते शर्टाच्या आत घातलं असतं आणि गाडीला किक मारली असती. मी त्याला उताणं केलं आणि नखं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. अठराच. आबांना मी वीस कबूल केली होती. एकदा तोंडावर आपटलेला माणूस दुसऱ्यांदा फार काळजी घेतो. म्हटलं, विचारून घेऊ.

पाड्यावर रेंज नव्हती. बाईंनी समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. मी पिल्लू खाली ठेवलं आणि टेकडी चढलो. दम लागला, दोनदा फोन लागून तुटला, मग लागला.

"आबा, पिल्लू भेटलं. पण अठरा नखांचं आहे. घेऊ का?"

 पलीकडून मळ्यातले, तहसीलदाराला उभं ठेवणारे आबा ओरडले, "अरे येडा! भुकस का नही ते देख! नखं काय मोजी ऱ्हायना? उचल नि चाल!"

इतकं बरं वाटलं मला. शिवी खाऊन मी हसत हसत उतरलो. खाली बाई एकट्याच उभ्या होत्या.

"पिल्लू?"

"तू वर गेला. तळोद्याकडचा एक गाडीवर आला. त्याने उचललं, कोटात टाकलं, गेला."

"त्यानं नखं मोजली?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तो वर पण नाही गेला."

मी मोटारसायकल पिटाळली. वळणांवर एक धुरळा दिसला, तो दुधाच्या गाडीचा निघाला. अक्कलकुव्याला पोहोचलो तेव्हा बाजार उठत होता. त्या गर्दीत प्रत्येकाच्या कोटात मला पिल्लू दिसत होतं.

परतताना शहाद्याला न थांबता सरळ मळ्यावर गेलो. आबा गोठ्याजवळ उभे होते. त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग शर्टाच्या पोटाकडे, मग गाडीच्या डिकीकडे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "च्या पेशी का?"

चहा पिताना मी म्हणालो, अजून बघतो, नंदुरबारला चौकशी करतो, नवापूरकडे कोणीतरी आहे. ते मान हलवत होते. शेजारच्या उसात कोयते चालल्याचा आवाज येत होता. "ऱ्हाऊ दे आते," ते म्हणाले. "तू बरीच पळापळ करी."

ते मला एक अक्षरही लागेल असं बोलले नाहीत. मला ते बोलायला हवे होते.

म्हैस त्या आठवड्यात गेली. टेम्पोत चढेना, तेव्हा आबांनीच तिच्या पाठीवर थाप मारून तिला चढवलं आणि टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत पाठमोरे उभे राहिले. मग घराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. ती मी त्यांना परत देऊ बघितली. "तुन्हाजोडेच ठेव," म्हणाले.

आता ते आमच्याकडे आहेत. धार काढायच्या वेळी उठतात, आंघोळ उरकतात आणि सोफ्याच्या कडेवर बसतात. परवा सकाळी दूधवाला पोरगा पिशवी टाकून गेला. मी उठेपर्यंत आबा ती मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही हातांनी दाबून बघत होते.

"हाई कसं खोलतस?" त्यांनी विचारलं.

मी कात्री आणून दिली. त्यांनी कोपरा जरा जास्तच कापला. अर्धं दूध सोफ्यावर गेलं. ते घाबरून उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले, बायको काय म्हणते म्हणून. ती फडकं घेऊन आली आणि खाली बसून पुसायला लागली. आबा उभेच राहिले.

"बसू का?" त्यांनी विचारलं.