शेठाचा शक

दुसऱ्या पुस्तकापाशी माझी शाळा सुटली, तरी वाचता येतं मला, आणि मला फसवणं सोपं नाही. त्या पाडव्याला मात्र मी फसलो की नाही, ते आजही सांगता येत नाही.

आम्ही कळव्याचे, मिठागरातले. आमची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्या खेपेला बायकोला दिवस गेले तेव्हा मी गावदेवीपुढे बोललो, मूल सुखरूप हाती येईपर्यंत म्हावरं तोंडाला लावणार नाही. सात महिने पाळलं. खाडीकाठच्या माणसाचे मासळीवाचून सात महिने, हे लक्षात घ्या.

दिवाळीच्या पाडव्याला आमचं मीठ उचलणाऱ्या गुजराती शेठाने ठाण्याच्या देवळात अन्नकूटाला बोलावलं. मेव्हण्याला घेऊन होडीने गेलो. देवापुढे भाताचा डोंगर, भोवती भाज्या, मिठाया, लोणची. अर्ध्या पदार्थांची नावं मला कळेनात, आणि विचारणार मी नव्हतो.

आम्हांला अंगणातल्या पंगतीत बसवलं. पानात तळलेले काप पडले, तांदळाच्या पिठात घोळलेले. दोन खाल्ले. वरून कुरकुरीत, आत मऊ, थेट रावसाची तुकडी! तिसऱ्याला घशात काहीतरी लागलं. तेवढ्यात घाटावरचा वाढपी बादली घेऊन आला.

"कालवण घ्या, कालवण!"

मी पानावर हात आडवा धरला. आमच्याकडे कालवण म्हणजे माशाचं, दुसरं नाही.

"देवाच्या दारात कालवण?"

"मग कुठं वाढू, डोक्यावर?" वाढपी म्हणाला.

मेव्हणा हसायला लागला. "भावजी, घाटावर भाजीच्या रश्श्यालाही कालवण म्हणतात. गुमान जेवा."

"आणि हे घशातलं काय? काटाच आहे."

मी उठलो आणि थेट शेठाला गाठलं. काप दाखवून विचारलं, खरं सांगा, हे काय आहे? शेठ हात जोडून म्हणाला, "शाक छे भाई, शाक छे."

शक! म्हणजे शेठालाच शंका! पुढे काय विचारायचं? मी पान तसंच टाकून निघालो. होडीत मेव्हणा, गुजरातीत शाक म्हणजे भाजी, असं काहीबाही समजावत होता, माझ्या डोक्यात शिरेना. माझ्या जिभेपायी तिसरंही जातं की काय, एवढंच डोक्यात.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती पोटावर हात ठेवून खाली बसली. मग म्हणाली, "अहो, घशात टोचलं का खाजलं?"

"खाजलं."

"मग सुरण होतं ते. चिंच कमी पडली असंल."

"शेठ स्वतः म्हणाला, शक आहे."

"शेठाला काय कळतं म्हावऱ्यातलं?"

पण मी देवीला पुन्हा जाऊन सांगितलं, आता मूल वर्षाचं होईपर्यंत माझा नवस धर. चूक झाली असेल तर फिटली, नसेल तर ती वरची भर.

मुलगी झाली. जगली. बायको बाराव्या दिवसापासून मागे लागली, आता तरी खा. मी ऐकलं नाही. मुलगी भिंत धरून उभी राहिली, वर्षाची झाली, तेव्हा पान मांडायला सांगितलं. बायकोने रावसाची तुकडी वाढली आणि समोर बसून राहिली.

"कशी झालीय?"

मी हळूहळू चावत होतो. खोटं कशाला सांगू, मला ती सुरणासारखी लागली.