सोनेरी कागदातली कादंबरी

बासष्टाव्या वर्षी मी तरुण होते. आता अडुसष्टाव्या वर्षी तेव्हाच्या त्या बाईकडे पाहते आणि तिची कीव येते. तिने एक कादंबरी लिहिली होती. दोन जावांची. धाकटी गरीब, सोशिक, दर दहा पानांनी पदराने डोळे टिपणारी. थोरली कजाग. धाकटी कोण हे सांगायला नको. थोरली म्हणजे टाकव्याची माझी सख्खी जाऊ.

तीन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. एकाने तर 'नायिका थोडी कमी रडली तर' एवढंच लिहून वाक्य अर्धं सोडलं होतं. मग मीच प्रकाशक झाले. मुखपृष्ठावर चुलीपुढे बसलेली बाई हवी असा हट्ट धरला. चित्रकाराने ती गोरीपान आणि नाकीडोळी नीटस काढली, तेव्हा मी 'हुबेहूब' म्हणाले. घरातल्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

प्रकाशन समारंभासाठी वडगावला हॉल ठरला. भीती एकच होती, जाऊबाईंच्या हाती पुस्तक पडता कामा नये. चाळीस वर्षं भांडून आता कुठे आमचं जमलं होतं. गुडघा कोणाचा जास्त दुखतो यावर फोनवर तास तास बोलायचो. बोलावलं नाही तर रुसतील, बोलावलं तर पुस्तक. त्यांना वाचता येत नसलं तरी नात दहावीत होती. मी तोड काढली. नात्यातल्या बायकांना दारातच हळदीकुंकू लावून अर्धा किलो चिक्की द्यायची. पुस्तकं मागच्या टेबलावर, ज्याला हवं तो घेईल. लोणावळ्यात मुलाचं चिक्कीचंच दुकान, त्यामुळे डबे घरचेच.

मंचावर उघडायची पाच पुस्तकं आणि चिक्कीचे चाळीस डबे, सगळं सुनेने एकाच सोनेरी कागदात बांधलं. पुस्तकाचा आकार नेमका डब्याएवढा. पण सून हुशार, पुस्तकांना तिने लाल फीत बांधली. सकाळी मी त्या फिती सोडून टाकल्या. मागे एका प्रकाशनात पाहुण्यांना गाठ सुटेना म्हणून त्यांनी दातांनी तोडली होती आणि फोटो नेमका तोच छापून आला होता. माझ्या समारंभात तसं नको. ती पाच पाकिटं मी वेगळी ठेवली. कुठे, ते साडी नेसताना विसरले.

दारात मान थोरलीचा. पहिलं पाकीट जाऊबाईंना मी माझ्या हाताने दिलं.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. चष्मा खिशात ठेवून त्यांनी कागद फाडला आणि हातातली वस्तू डोक्याच्या वर धरली. कॅमेऱ्यासमोर शेंगदाणा चिक्की. टाळ्या सुरू झाल्या, मग अडखळल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "ग्रामीण जीवनाचा अस्सल गोडवा या कृतीत आहे."

हॉल हसत होता. मी तिसऱ्या रांगेत पाहत होते. जाऊबाईंनी मांडीवरचं पाकीट हळूच दाबून पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते पिशवीत घातलं.

मी मंचावरून उतरले. "जाऊबाई, द्या ते इकडं. बदलून देते."

"र्‍हाऊ दे की."

"अहो, चुकून गेलंय. चिक्की देते ना."

"चिक्कीला दात कुटं हायत मला?" म्हणाल्या आणि पिशवी काखेत मारून बसकडे निघाल्या.

बाकीची चार पुस्तकं बायकांनी परत आणून दिली. पाचवं टाकव्याला गेलं.

पंधरा दिवस फोन नाही. मी केला तर नात म्हणे, "आजी रानात गेलीय." गुडघा दुखणारी बाई रोज रानात कशी, हे मी विचारलं नाही. सुनेला म्हटलं, "गेली माझी जाऊ."

सोळाव्या दिवशी त्या दारात उभ्या. हातात पुस्तक, पानापानांत बसची तिकिटं खुणेला घातलेली.

"नातीनं समदं वाचून दावलं," त्या म्हणाल्या. "पंचमीला तुजी साडी मी लपिवली, खरं हाय. मी लय वाईट हुते, ते बी खरं. पन त्याच्या आदी माजा भाऊ आलता, ते कुटं हाय?"

मी पाणी आणायला उठले.

"बस खाली. मी मागं गवऱ्या थापीत हुते. तू त्याला दारातनं सांगितलंस, जाऊबाई रानात गेल्यात, रात हुईल. आन त्याची आंब्याची पाटी ठिवून घेतलीस. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हटलं. एकोणीस वर्षांची होते. दोन आंबे गोठ्यामागे बसून खाल्ले होते, कोयींसकट पुरावा खड्ड्यात. कादंबरीच्या एकशे ऐंशी पानांत त्या खड्ड्याला जागा झाली नाही.

"मंग म्हनून साडी लपिवली. तुजं पुस्तक वाचून वाटतं, मी उगाच येडी हुते."

मी टेबलावरचं पेन उचललं आणि पंचमीच्या पानाच्या समासात त्यांच्यादेखत, मोठ्याने म्हणत लिहिलं: आंबे मी खाल्ले. त्यांनी ते बोटाने चाचपलं. शाई ओली होती, बोटाला लागली.

"आता माजी चिक्की," त्या म्हणाल्या.

"दात नाहीत ना?"

"नातीला हायत."

मी आतून दोन डबे आणले. पहिला त्यांनी तिथेच उघडला, आत पुस्तक नाही ना ते पाहिलं, आणि मग पिशवीत ठेवला. कादंबरीही त्याच पिशवीत गेली.